सतराव्या वर्षी, ढाणकीत

या प्रवासाचा नियम एकच आहे. साल बदलत जाईल, गाव बदलणार नाही, आणि तुमचं वय सतराच्या पुढं सरकणार नाही. कधी मुलगा असाल, कधी मुलगी. जात, घर, खिशातले पैसे दरवेळी वेगळे. सतराव्या वर्षी घरची माणसं रोज विचारतात आणि पाहुणे तर हटकून विचारतात, तो प्रश्न मात्र तोच राहील. पुढं काय करणार?

साल १९३८. एसटी सुरू व्हायला अजून दहा वर्षं आहेत, त्यामुळं तुम्ही बैलगाडीतून उतरता. अंगावर बंडी, पायात काही नाही. ढाणकी हे मध्यप्रांत-वऱ्हाडातलं, पुसद तालुक्याच्या टोकाचं गाव. दक्षिणेला पैनगंगा, आणि पाणी ओलांडलं की निजामाचं राज्य. नदीच्या अलीकडच्या हुशार पोरानं फार मोठी उडी मारली तर नागपूर विद्यापीठ, म्हणजे इंग्रजी. पलीकडच्यानं मारली तर हैदराबादचं उस्मानिया, म्हणजे उर्दू. मराठी दोघांनीही घरी ठेवून जायची. अर्थात, असली उडी मारणारं पोरगं दोन्ही काठांना विरळाच.

तुम्ही लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहता. शेजारी भाता धापा टाकतोय. लोहारानं खुरप्याचं पातं लाल करून पाण्यात घातलं, बाहेर काढलं, दगडानं एक कड घासून चकचकीत केली आणि पुन्हा निखाऱ्याजवळ धरली. आता तो नुसता बघतोय. चकाकत्या कडेवर आधी गव्हाळ रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा. गव्हाळ असतानाच त्यानं पातं झटक्यात पाण्यात बुडवलं. जांभळ्यापर्यंत थांबला असता तर धार मऊ पडली असती, मुळीच थांबला नसता तर पहिल्याच खड्यावर पातं फुटलं असतं. त्या दोन रंगांत साठ-सत्तर अंश सेल्सिअसचं अंतर असतं. लोहाराकडं तापमापक नाही आणि त्याला त्याची गरजही नाही.

हे शिकायचंय, असं तुम्ही म्हणता. लोहार तुमच्याकडं बघतो, मग विचारतो, "कोणाचा रे तू?"

अडचण इथंच आहे. ऐरण त्याच्या मुलाची आहे. तुम्ही सुताराचे असाल तर वाकस धरा, चांभाराचे असाल तर रापी धरा, आणि गावकुसाबाहेरचे असाल तर भाता ओढायलाही कुणी बोलावणार नाही. गावातलं व्यवसायशिक्षण उत्तम आहे, फुकट आहे, कामाशी शंभर टक्के जोडलेलं आहे, आणि त्याचा प्रवेश जन्माच्या वेळीच झालेला असतो.

इथून उत्तरेला, वर्ध्याला, गेल्याच ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली. हस्तोद्योगातूनच सगळे विषय शिकवावेत असा ठराव झाला, झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम बांधला आणि नई तालीम नाव पडलं. कल्पना मोठी होती. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातच चालवले होते, त्यांना शाळेत पुन्हा टकळी दिसली तर त्यांनी आनंद का मानावा? पुढं १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी शाळेची वेळ अर्धी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असं सुचवलं. कुळाचा धंदा कुळाकडं परत देणारी योजना म्हणून तिच्यावर रान उठलं आणि वर्षभरात ती मागं घ्यावी लागली. आज कुणी मंत्री कौशल्यशिक्षणावर बोलू लागला की मागच्या रांगेतला एखादा बाप मनात म्हणतोच, तुमचा मुलगा डॉक्टर आणि माझ्या मुलानं पाना धरायचा का? त्याचा तो संशय निराधार नाही. पदवीचं वेड म्हणून ज्याची आपण टिंगल करतो, त्यात बराचसा भाग ऐरणीच्या मालकीपासून सुटण्याचा आहे.

मधली वर्षं झरझर जाऊ द्या. निजामाचं राज्य बुडतं, नदीवरची हद्द पुसते, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री होतात. केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. आयटीआय नावाची निळी पाटी हळूहळू तालुक्यांपर्यंत पोचते. एसटीच्या खिडकीतून हे सगळं दिसतं, पण उतरण्यासारखं नाही.

उतरायचं ते १९८४ मध्ये. या वेळी तुम्ही मुलगी आहात. बारावी पास झालात, तेही दुसऱ्या वर्गात, म्हणजे घरात कौतुक आणि काळजी दोन्ही. तुमचा धाकटा भाऊ रेडिओपाशी बसून अजून गेल्या जूनच्या विश्वचषकाचं बोलतो. मोठ्या भावाचं चाललंय इंजिनिअरिंगचं. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय उघडलंय. वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली त्याच १९८३ सालातलं. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ नागपुरातून वेगळं निघालं. म्हणजे विद्यापीठ जवळ आलं, इंजिनिअरिंग त्याहून जवळ आलं. तुमच्या वडिलांनी दोन एकर विकायचं मनावर घेतलंय. भावासाठी.

"आणि माझं?" तुम्ही विचारता.

आई चूल फुंकता फुंकता म्हणते, "तुझं काय माय, शिवणक्लास लाव. हातात कला असली की कुठंबी पोट भरते."

शिवणक्लासात पायमशीन आहे, कटिंगच्या खाकी कागदाच्या घड्या आहेत, बाई चांगल्या आहेत. ब्लाउजची बाही बसवणं हे सोपं काम नव्हे. सपाट कापडातून गोल खांदा काढायचा, म्हणजे भूमितीच झाली, आणि बाई ती तोंडी शिकवतात. पण सहा महिन्यांनी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर बी.ए.ला प्रवेश मिळत नाही, आणि बी.ए.च्या गुणपत्रिकेत ही बाही कुठं लिहिता येत नाही. दोन कागद दोन वेगळ्या पेट्यांत राहतात. तुमच्यासारख्या हजारो मुलींचं आयुष्य त्या दोन पेट्यांच्या मध्ये गेलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच १९८३ सालात तिसरी एक गोष्ट झाली. तिची बातमी ढाणकीपर्यंत पोचलीच नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. माणूस अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. झालेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर काम केलेला. ते सोडून त्यांनी आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, कुक्कुटपालन, जमिनीची मोजणी शिकवायला घेतली. हे ज्यादा उद्योग म्हणून नव्हतं. शाळेचाच विषय म्हणून, बोर्डाच्या मान्यतेनं, गुणांसकट. पोरं जे बनवत ते गावाला विकत किंवा दुरुस्त करून देत. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्डनी अमेरिकेबाहेर फॅब लॅब नावाच्या निर्मिती-कार्यशाळा काढायच्या ठरवल्या, तेव्हा पहिल्या काहींतली एक पाबळला आली. कलबाग २००३ मध्ये गेले. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचं भवितव्य या विषयावर जितकी चर्चासत्रं झाली त्यांतली निम्मी रद्द करून ते पैसे पाबळच्या नकला काढायला दिले असते, तर बरं झालं असतं.

भाऊ पुसदला गेला. तुम्ही शिवणक्लास लावला. पुढच्या थांब्याकडं चला.

ऑगस्ट २०२१. पुन्हा मुलगा, बारावी सायन्स, सगळं ऑनलाइन. वर्ग म्हणजे फोन, आणि बंदीभाग नावाच्या जंगलपट्ट्यातल्या तांड्यावरून रेंज मिळवायची तर टेकडीवर चढायचं. ११ तारखेला सकाळी ढाणकीच्या हॉटेलात चहा घेताना समोरचा माणूस फोन पुढं करतो. फुलसावंगीची बातमी. महागाव तालुक्यातलं हे गाव इथून फार लांब नाही. आठवीत शाळा सोडलेला, वेल्डिंगचं काम करणारा, कपाटं-कूलर बनवणारा चोवीस वर्षांचा तरुण. इंटरनेटवर बघून बघून दोन वर्षांत त्यानं एका आसनाचं हेलिकॉप्टर उभं केलं होतं, त्यात मारुतीचं इंजिन बसवलं होतं. आदल्या रात्री चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याच्या डोक्यावर बसलं. गेला.

हॉटेलात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काय डोकं होतं पोट्ट्याचं. दुसरा म्हणतो, शिकला असता तर वाचला असता. तुम्ही दोघांच्या मध्ये बसलेले, बारावीचं भौतिकशास्त्र फोनमध्ये, आणि तुम्हाला एक गोष्ट सुचते. वर्तुळाकार गतीचा धडा गेल्याच आठवड्यात झाला. फिरणाऱ्या पात्याच्या मुळाशी जी ओढ बसते ती फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट, तिप्पट झाले की नऊपट. सरांनी हे सूत्र म्हणून लिहून दिलं होतं आणि उदाहरणात दोरीला बांधलेला दगड होता. पात्याच्या मुळाशी जोड असेल तर त्या जोडावर काय येतं, एकच ताण हजारो वेळा बसला की लोखंडाला बारीक चीर कुठून सुटते, पहिली चाचणी माणूस आत न बसवता, खांबाला जखडून, लांबून कशी घ्यायची, हे सगळं मेकॅनिकलच्या पुस्तकांत छापलेलं आहे. ती पुस्तकं इथून एका एसटीच्या अंतरावर, पुसदच्या कॉलेजात आहेत. त्या कॉलेजातल्या मुलांनी ते पाठ केलंय, पेपरात लिहिलंय, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात एक पातं घासलेलं नाही. या तरुणानं पातं घासलं होतं.

नेमकं काय तुटलं आणि का, यावर बाहेरच्या माणसानं निवाडा देऊ नये, मीही देत नाही. पण हॉटेलातल्या दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला अर्धवट वाटतं. शिकला असता म्हणजे कुठं? आठवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला त्या पुस्तकापर्यंत नेणारं दार कोणतं होतं? दहावी करा, बारावी करा, सीईटी द्या, चार वर्षं फी भरा, मग तिसऱ्या वर्षाला तो विषय येईल. त्याला तर येत्या महिन्यात एक माणूस हवा होता, वर्कशॉपात येऊन पातं बघणारा आणि थांब म्हणणारा.

राइट बंधूंचं उदाहरण अशा वेळी लोक हमखास देतात, तेही अर्धवटच देतात. दोघे सायकल दुरुस्त करणारे, कॉलेजचं तोंड न पाहिलेले, हे खरं. पण १९०१ मध्ये त्यांनी दुकानातच वाऱ्याचा बोगदा बांधला, पंखांचे दोनेकशे छोटे नमुने त्यात तपासले, आकड्यांचे तक्ते केले, आधीच्या शास्त्रज्ञांचे आकडे चुकलेत हे ताडलं, आणि मग १९०३ मध्ये उडाले. इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं घडवलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून त्यांनी माहिती मागितली होती आणि संस्थेनं पुस्तिका आणि पुस्तकांची यादी पाठवली होती. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका सायकलवाल्याच्या पत्राला देशातल्या सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेनं उत्तर दिलं.

आता २०२६. पहाटे पाच वाजता उठा, कारण ढाणकीच्या रस्त्यावर त्या वेळी पोलीस भरतीवाली पोरं-पोरी पळत असतात. पोरांच्या सोळाशे मीटरचा, पोरींच्या आठशेचा वेळ मनगटावर. पळून झालं की अभ्यासिका. अभ्यासिकेत बी.ए., बी.एस्सी., एक-दोन बी.ई.सुद्धा. कुणाचा मोठा भाऊ चाकणला आयटीआयवर कंत्राटी, कुणाचं अख्खं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला. तुम्ही त्यांच्यात बसून विचारलं तर प्रत्येकाकडं योजनांची यादी आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार, पदवीला दहा हजार मिळत. आधी सहा महिने, मग पाच वाढवून दिले, मग घरी. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून माफ, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. हे काम चांगलं झालं, नि:संशय. जर्मन शिका आणि बाडेन-वुर्टेंबर्गला जा, असंही आहे. राज्य सरकारनं त्या जर्मन राज्याशी करार केलाय. जर्मनीत उमेदवार पोरगं आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात असतं, पगार घेतं, आणि त्याला शिकवणाऱ्या माइस्टरला गावात मान असतो. आपण तिथं माणसं पाठवायला निघालो आहोत. त्यांची पद्धत इकडं आणा, अशी मागणी मात्र फारशी ऐकू येत नाही.

तुम्ही कॉलेजात नाव घालता. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चं, इथल्या संलग्न कॉलेजांना ते लागू झालं २०२४-२५ पासून. त्यामुळं तुमची पदवी आता क्रेडिटमध्ये मोजली जाते. एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे साधारण तीस तास, तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट. एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. क्रेडिट फोनमधल्या खात्यात जमा. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग नावाचे चार क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास कुठंतरी प्रत्यक्ष काम. ८४ सालच्या त्या मुलीच्या दोन पेट्यांना पहिल्यांदा एक छिद्र पडलंय, आणि ते कागदावर तरी खरं आहे.

प्रत्यक्षात १२० तासांसाठी ढाणकीत जायचं कुठं? झेरॉक्सच्या दुकानातून, ओळखीच्या पतसंस्थेतून शिक्का मारून आणणं अवघड नाही. दुकानदाराचा त्रास वाचतो, कॉलेजची फाइल भरते, तुम्हाला पळायला वेळ मिळतो. सगळ्यांच्या सोयीचं. गाईड वाचून पास होणारी पिढी आता शिक्का मारून शिकणार, ही भीती मला धोरणातल्या इतर कुठल्याही त्रुटीपेक्षा मोठी वाटते. कारण गाईड निदान वाचावं तरी लागत होतं.

आणि बाजारातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं बसलेला मिस्त्री? त्याच्याकडं दोन पोरं कायम असतात. पहिलं वर्ष हत्यारं पुसण्यात, दुसरं जळकी तार काढण्यात, तिसऱ्या वर्षी हातात नवी तार. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस नावाची जागा काढली. आपल्या धंद्यात किमान पंधरा वर्षांचा नावाजलेला अनुभव हवा, पदवी असलीच पाहिजे असं नाही. वाचून वाटतं, मिस्त्रीसाठीच काढली. पण त्या जागांसाठी कंपन्यांचे निवृत्त अधिकारी डोळ्यांसमोर असतात. मिस्त्रीला कॉलेजच्या गेटवरचा रखवालदार विचारतो, "काय काम आहे?"

इथून पुढं रस्ता आखलेला नाही. पुढचं साल माझ्या कल्पनेतलं आहे. त्यात एकच पक्का धागा आहे. २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत पॅनेल बसत चालली. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, वर साडेसात. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. दुरुस्तीची हमी पाच वर्षं. म्हणजे २०३० च्या आसपास पहिली हमी संपणार आणि बांधावरचा एकेक पंप कंपनीच्या हातातून गावाच्या हातात येणार. त्या वेळी तो उघडणारा हात कुणाचा, यावर इथल्या उच्च शिक्षणाचं भविष्य ठरेल, असं मी म्हटलं तर मोठ्या शहरातले कुलगुरू हसतील. हसू द्या.

साल २०४१. तुम्ही मुलगी आहात, निंगनूरकडच्या बंजारा तांड्यावरची. आई-वडील अजूनही ऊसतोडीला जातात, पण दरवर्षी नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे एकदाची उमरखेडवरून धावते आणि तिचा वक्तशीरपणा हा विनोदाचा विषय आहे. गावातली निम्मी मुलं अजूनही पुण्यातच आहेत. त्यात काही बदललं नाही. कॉलेजात तुमचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. फोन तुम्हाला कुठलाही धडा तुमच्या घरच्या गोरमाटी बोलीत समजावून सांगतो, न कंटाळता, रात्री अकरालाही. त्यामुळं नुसतं समजावून सांगणारे मास्तर कमी झाले. जे उरले ते एक तर फार चांगले आहेत किंवा फार सीनियर.

सकाळी तुम्ही सावळेश्वरच्या शिवारात आहात. सोबत मिस्त्री. २०२६ मध्ये रिवाइंडिंगच्या दुकानात जळकी तार काढणारा पोरगा आता तिशी ओलांडून गेलाय, केस पिकू लागलेत. तुम्ही त्यांना उस्ताद म्हणता, कॉलेजच्या यादीत त्यांच्या नावापुढं व्यवसाय-अध्यापक आहे. मानधन तीन महिने थकलंय. ते तसं दरवर्षीच थकतं.

पंप पाणी फेकत नाही. शेतकरी काका कडुनिंबाखाली उकिडवे बसलेत. "काल सांजेपर्यंत चांगलाच चालू होता ना बाप्पा," असं त्यांनी दोनदा सांगून झालंय.

तुम्ही कंट्रोलरचा डबा उघडायला हात पुढं करता. उस्ताद मनगट धरतात.

"काय विसरली?"

तुम्ही थांबता. पॅनेलकडून येणारी तार. बाहेरचा स्विच पाडलेला नाही.

"घरच्या लाइटीवर ठिणगी पडली तर विझते. हितली काहून विझत नाही?"

तुम्हाला येतं. पहिल्या सत्रात होतं, पण तेव्हा ते आकृती होती. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगीला श्वास उरत नाही. पॅनेलचा प्रवाह सरळ. तो शून्यावर येतच नाही, आणि ओळीनं जोडलेल्या पॅनेलांचा दाब कित्येकशे व्होल्ट. चालू भारावर जोड उपटला तर ठिणगी ताणत ताणत हातापर्यंत येते. तुम्ही हे सांगता, निम्मं मराठीत, निम्मं गोरमाटीत. उस्तादांना गोरमाटी येत नाही, पण ते मान हलवतात.

"मग आधी काय?"

आधी कंट्रोलर बंद. मग डीसी स्विच. मग डबा उघडून आधी मीटर लावायचं, दाब मेला की नाही ते बघायचं, आणि मगच टर्मिनलला हात. डबा उघडतो. आत वाळलेली पाल, मुंग्यांचं वारूळ आणि एक टर्मिनल काळंठिक्कर. जोड सैल राहिला, तापला, जळला. तुम्ही तार मागं कापता, तांबं लखलखीत दिसेपर्यंत सोलता, नवा लग दाबून बसवता. ओढून बघता. उस्ताद स्वतः ओढून बघतात, आणि तो हातात येतो.

"पुन्हा."

काका म्हणतात, "अहो मिस्त्री, तुम्हीच करा ना, पोरीला उन्हात कशाला. पाणी पाह्यजे मले."

"काका, पोरगी शिकून ऱ्हायली. तुमच्या पंपाला आणखी दहा वर्षं कोणी पाहायचं? मी?" उस्ताद खाली बसतात. दुसऱ्यांदा लग बसतो. पाणी यायला दुपार होते.

परतीच्या वाटेवर तुम्ही फोन पुढं करता. ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिट, १२० तास, आज शेवटची तारीख. बरोबरच्या दोन मुलींचं झेरॉक्सच्या दुकानातून परवाच झालं. हे २०४१ मध्येही बंद पडलेलं नाही. उस्ताद गाडी बाजूला घेतात, चष्मा लावतात, खाली खाली सरकवत सगळ्या तारखा वाचतात. आषाढातल्या दोन दिवसांवर बोट ठेवतात.

"या दोन दिशी तू आली होती?"

"पूर होता उस्ताद. गांजेगावच्या पुलावरून पाणी होतं."

"माहीत आहे. मी पण नव्हतो गेलो. मग सोळा तास कसे लिहिले?"

तुम्ही काही बोलत नाही. एकशे चार होतात. बाकी सोळा.

"सर म्हणले आज अपलोड नाही केलं तर सत्र लांबेल."

"सरांना मी फोन करतो. चार दिवस मागतो." ते फोन परत देतात, सही न करता. "उद्या साडेसहाला ये. गांजेगावला दोन मोटारी काढायच्या आहेत, नदीकाठच्या. आणि हातमोजे तुझे आण, माझे तुला मोठे होतात."